आमटीचं टमाटं वेगळं, टिकणारं वेगळं

परसबाग : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, नमस्कार. 2023 च्या जुलैत टमाट्याचा भाव किलोमागे शंभराच्या वर गेला, तेव्हाच ठरवलं की आता टमाटे घरचेच लावायचे. घरामागं पंधरा बाय दहाची मोकळी जागा आहे. माती काळी, पाणी बोअरचं. पहिल्या वर्षी रोपवाटिकेतून हायब्रीडची रोपं आणली. फळं भरपूर आली, पण चार-चार टमाटे घालूनही आमटी आंबट होईना आणि साल कागदासारखी तोंडात यायची. दुसऱ्या वर्षी माहेरून गावरान बी आणलं. चव अगदी आईच्या हातची, पण निम्म्या झाडांची पानं चुरगळून वर वळली आणि हाताला सगळे मिळून तीन किलोही लागले नाहीत. यंदा कोणती जात लावू? एकच नाव सांगा.
— एक भगिनी, उदगीर

उत्तर : ताई, एकच नाव मागितलंत, पण मी दोन सांगणार आहे, कारण तुमच्या पत्रात दोन वेगळी कामं आहेत. एक, रोगातून वाचून घराला पुरेल इतकं पीक हाती लागणं. दुसरं, आमटीला टमाट्याची चव येणं. दोन्ही कामं एकाच झाडाकडून करून घ्यायला गेलं की तुमचं झालं तसंच होतं. माझंही बरीच वर्षं तसंच होत होतं.

मी जालन्याची. 1964 साली महिको ही बियाण्यांची कंपनी इथं सुरू झाली, तेव्हापासून आमचं गाव बियाण्यांचं गाव म्हणून ओळखलं जातं. जाफराबाद, भोकरदन आणि पलीकडं बुलडाण्यातलं देऊळगाव राजा, या पट्ट्यात भाजीपाल्याच्या बीजोत्पादनाचे प्लॉट असतात. अशा प्लॉटवर मी अठरा वर्षं क्रॉसिंग केलं, म्हणजे टमाट्याच्या एका जातीचे पराग टमाट्याच्याच दुसऱ्या जातीला, आणि मिरचीचे मिरचीला, हातानं लावले. तिथं एक गोष्ट अंगात भिनली : दोन जातींची तुलना करायची तर माती, पाणी, खत, लावणीचा दिवस सगळं सारखं पाहिजे. नाहीतर जागेचा गुण जातीच्या नावावर खपतो.

म्हणून 2023 साली घरामागच्या वाफ्यात सहा जाती एकदम लावल्या. गणेश चतुर्थीला, म्हणजे 19 सप्टेंबरला, ट्रेमध्ये बी टाकलं आणि घटस्थापनेला, 15 ऑक्टोबरला, रोपं वाफ्यात गेली. प्रत्येक जातीची चार रोपं, दोन पूर्वेकडं आणि दोन पश्चिमेकडच्या लिंबाच्या बाजूला, म्हणजे सावली सगळ्यांच्या वाट्याला सारखी आली. रोपात दोन फूट, ओळीत तीन फूट. प्रत्येकाच्या बुडाला एक ओंजळ शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड. आधाराला आदल्या वर्षीच्या तुराट्या आणि सुतळी. जाती ओळखू याव्यात म्हणून तुराट्यांना रंगीत लोकरीचे दोरे बांधले. डिसेंबरच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत जे तोडलं, ते स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून वहीत लिहिलं.

त्या सहा जाती अशा : दिल्लीच्या पुसा संस्थेची पुसा रुबी, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या धनश्री आणि भाग्यश्री, बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा अर्का रक्षक हा हायब्रीड, पुण्याहून भाचीनं पाठवलेले चेरी टमाटे, आणि माझ्या माहेरचं गावरान बी.

वजनात अर्का रक्षक सगळ्यांच्या पुढं गेला. चार झाडांचे एकवीस किलो. दुसऱ्या नंबरची धनश्री तेरा किलोवर थांबली आणि गावरान साडेचारवर. रक्षकचं फळ चौकोनी गोल, गर्द लाल, नव्वद-शंभर ग्रॅमचं, हातात घेतलं तर दगडासारखं घट्ट. पंधरा दिवस टोपलीत राहिलं तरी सुरकुती नाही. पण वजनापेक्षा मला त्याचं दुसरं काम जास्त मोलाचं वाटलं. नोव्हेंबरात शेजारच्या शेतातली पऱ्हाटी सुकायला लागली आणि तिच्यावरची पांढरी माशी आमच्या वाफ्यावर येऊन बसली. तुम्ही लिहिलंय ना, पानं चुरगळून वर वळली? तो चुरडामुरडा, म्हणजे लीफ कर्लचा विषाणू, आणि तो ही पांढरी माशीच आणते. पुसा रुबीच्या चारपैकी दोन झाडांना तो दिवाळीपर्यंत लागला. एक झाड तर उपटूनच टाकावं लागलं. गावरानच्या तीन झाडांना लागला. रक्षकच्या चारही झाडांवर तीच माशी बसली होती, पानं उलटून मी स्वतः पाहिली, पण एकही पान वळलं नाही. ही जात लीफ कर्ल, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्हींना तोंड देईल अशीच तयार केलेली आहे. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात अवकाळी पाऊस झाला, तुमच्याकडंही झाला असेल. त्यानंतर बाकीच्या झाडांच्या खालच्या पानांवर करप्याचे गोल-गोल वलयांचे डाग उठले. रक्षकवर दोन-चार पानांतच निभावलं.

आता चव. जानेवारीत एका रविवारी पाच जातींचं पाच पातेल्यांत सार केलं. प्रत्येकात पाव किलो टमाटे, तेवढंच पाणी, तेवढंच मीठ, जिऱ्याची फोडणी, गूळ नाही. चेरी यात घेतले नाहीत, ते साराला परवडत नाहीत. सासूबाईंसमोर पाच वाट्या ठेवल्या, कोणती कशाची ते सांगितलं नाही. गावरानच्या वाटीला त्यांनी जीभ टाळ्याला लावून आवाज काढला आणि गुळाचा खडा मागितला. पुसा रुबीची वाटी पिऊन झाल्यावर परत मागितली. धनश्रीला म्हणाल्या, चांगलं आहे. भाग्यश्रीला म्हणाल्या, दाट आहे पण गोडसर आहे. आणि रक्षकची वाटी अर्धी ठेवून विचारलं, यात टमाटे कमी घातले का?

कमी घातले नव्हते. याचं कारण मला फळ कापल्यावर दिसलं, तुम्हीही घरी कापून बघा. पुसा रुबी आडवी चिरा. चाकू टेकवताच रस पाटावर येतो. बाहेरची भिंत पातळ, आत चार-पाच खण, आणि खणांत बियांभोवती हिरवट-पिवळा बुळबुळीत गर. त्यातला थोडा बोटावर घेऊन चाखा. टमाट्याचा आंबटपणा आणि खमंगपणा सगळ्यात जास्त असतो तो त्या बियांभोवतीच्या गरात. आता रक्षक चिरा. भिंत चांगली जाड, मांसल. खण लहान, गर थोडका. त्याची जाड भिंतच त्याला टिकवते, ट्रकमधून लांबच्या बाजारात पोचवते. पण भिंत जाड झाली की बियांच्या गराला जागा राहत नाही. म्हणून तुमच्या आमटीत चार टमाटे घालूनही आंबटपणा येईना. कितीही शिजवलं तरी जे मुळात कमी आहे ते येणार कुठून? सालीचं मात्र सोपं आहे. उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवून गार पाण्यात टाका, साल हातानं सुटते.

यातून मी काय केलं ते सांगते. आता माझ्या वाफ्यात कायम दोन जाती असतात. निम्म्या जागेत अर्का रक्षक : कोशिंबीर, पोह्यावर, शेवभाजी, पाहुणे आले तर रस्सा, म्हणजे जिथं टमाट्याचे तुकडे दिसायला हवेत तिथं. उरलेल्या जागेत पुसा रुबी : वरण, आमटी, सार आणि हिरवे असताना तिळाची चटणी. चटणीला पुसा रुबीचे हिरवे टमाटे नुसत्या तव्यावर चरचरीत भाजा. त्यांचा आंबटपणा तिळाच्या तेलकटपणाला बरोबर पुरतो. रक्षकचे हिरवे टमाटे घेतले की चटणी बोथट होते, मी करून पाहिली. रुबीचं फळ थोडं चपटं, कडेला हलक्या पाकळ्या, देठाशी पिवळसर. ते चार दिवसांवर टिकत नाही, तोडलं की त्या आठवड्यात वापरायचं. लागवडीपासून साठ-पासष्ट दिवसांत पहिलं फळ तोडायला येतं, माझं 14 डिसेंबरला आलं. रक्षक त्यानंतर आठवड्यानं.

मग गावरानचं काय? ते मी सोडलेलं नाही. कुंपणाला एक झाड ठेवते, बी धरते, ओळखीतल्या बायकांना वाटते. पण घराची वर्षाची गरज त्याच्यावर टाकू नका. विषाणू आला तर त्याला कसलाच आडोसा नसतो, आणि आपल्या कापसाच्या मुलखात पांढरी माशी हमखास येते. तुम्हाला विषाणूची फारच भीती वाटत असेल आणि बीही घरचंच धरायचं असेल, तर पुसा रुबीच्या जागी धनश्री लावा. ती सरळ जात आहे, म्हणजे हायब्रीड नाही, घरी धरलेल्या बियाला तशीच झाडं येतात. फळं नारंगी रंगाची, पन्नास-साठ ग्रॅमची, आणि लीफ कर्लला कमी बळी पडते. माझ्या चारपैकी एकाच झाडाला लागला, तोही फळं धरून झाल्यावर. चव पुसा रुबीच्या एक पायरी खाली, पण हायब्रीडच्या दोन पायऱ्या वर. भाग्यश्री मला आवडली, पण ती आमटीची नाही. बिया कमी, मांसल भाग भरपूर, रंग गर्द लाल आणि आंबटपणा कमी. तुम्हाला वर्षाचा सॉस किंवा प्युरी करून ठेवायची असेल तर तिला तोड नाही. रक्षकच्या दोन किलोची जितकी प्युरी होते, तितकीच भाग्यश्रीच्या दीड किलोत झाली, आणि आटवायला गॅसही कमी लागला.

चेरी टमाटे मुलं झाडावरूनच खातात. आमच्या अंगणातल्या नातवंडांनी वहीत लिहायला मला काही ठेवलंच नाही, म्हणून त्यांचं वजन मी इथं देत नाही.

एक शेवटचं, आणि हे जातीपेक्षाही आधी करा. विषाणू बहुतेक वेळा रोप ट्रेमध्ये असतानाच लागतो आणि वाफ्यात आल्यावर दिसतो. ट्रेवर जाळी घाला. मच्छरदाणी चालत नाही, पांढरी माशी तिच्या भोकातून आरपार जाते. बारीक, 40 ते 50 मेशची, म्हणजे एका इंचात 40 ते 50 भोकांची, जाळी लागते. पंचवीस दिवस रोप त्या जाळीखाली वाढलं तर पुसा रुबीसुद्धा तुम्हाला भरभरून देईल. पुढच्या वर्षी मी तसंच केलं आणि रुबीचं एकही झाड उपटावं लागलं नाही.

प्रश्न : काकू, आमच्याकडं एका शेतकऱ्याच्या हायब्रीड टमाट्याला फारच सुंदर फळं होती. त्यातली दोन पिकलेली फळं आणून बी वाळवलं आणि लावलं. झाडं आली, पण एक फळ लांबट, एक चपटं, एका झाडाला तर लिंबाएवढे टमाटे लागले. बी माझ्याकडून बिघडलं का? की ट्रेमध्ये काही मिसळलं?
— एक वाचक, नायगाव (जि. नांदेड)

उत्तर : नाही भाऊ, तुमच्याकडून काहीच बिघडलं नाही, ते बी तसंच वागणार होतं. का, ते मी माझ्या हातानं केलेल्या कामावरून सांगते.

हायब्रीड बियांसाठी दोन वेगळ्या जातींचे आई-बाप लागतात. आईच्या झाडावर उद्या उमलणारी कळी संध्याकाळी निवडायची. पाकळ्या फिक्या पिवळ्या व्हायला लागलेल्या, पण अजून मिटलेल्या. बारीक चिमट्यानं आतली परागकोशांची नळी हलक्या हातानं काढून घ्यायची. आत राहतो तो फक्त सुईसारखा हिरवा स्त्रीकेसर. तो दुखावला तर कळी वाया. दुसऱ्या दिवशी सकाळी बापाच्या फुलांचे पराग एका छोट्या वाटीत घ्यायचे. आम्ही ती वाटी अंगठीसारखी डाव्या हाताच्या बोटात घालायचो. मग एकेका कळीचा स्त्रीकेसर त्यात बुडवायचा आणि लगेच देठाजवळच्या हिरव्या पात्यांतली दोन कातरायची. ती खूण असते. फळ मोठं झालं तरी देठावरची कातरलेली पाती दिसतात. तोडणीच्या वेळी कातरलेलं फळ घ्यायचं, अख्ख्या पात्यांचं टाकून द्यायचं, कारण ते झाडानं आपलं आपण धरलेलं असतं.

तुम्ही लावलेलं बी अशा बियांच्या झाडावर लागलेल्या फळांचं आहे. म्हणजे आई-बापांच्या मेळाची पुढची पिढी. पहिल्या पिढीत सगळी झाडं एकसारखी असतात. दुसऱ्या पिढीत दोघांचे गुण पुन्हा विखुरतात : एकाचा लांबटपणा, दुसऱ्याचा चपटेपणा, कुणाच्या पणजीचा लिंबाएवढा आकार. कधीकधी त्यात एखादं झाड खरोखर गोड निघतं, पण रोगाचा आडोसा त्यालाच मिळाला असेल याची खात्री नाही. त्यामुळं हायब्रीड लावायचा तर दर वर्षी बी नवीन घ्यायचं.

बी धरायची हौस असेल तर सरळ जाती लावा : पुसा रुबी, धनश्री, भाग्यश्री, गावरान. टमाट्याचं फूल आपल्याच परागांनी फळ धरतं, नळीच्या आतच काम होतं, म्हणून शेजारी दुसरी जात असली तरी बी बहुधा शुद्ध राहतं. निरोगी झाडावरचं, दुसऱ्या-तिसऱ्या घडातलं, पूर्ण पिकलेलं फळ घ्या. आडवं चिरून बी आणि गर काचेच्या पेल्यात पिळा, थोडं पाणी घाला, झाकण न लावता दीड-दोन दिवस सावलीत ठेवा. फेस येतो, आंबट वास येतो. घाबरू नका, बियांभोवतीचा बुळबुळीतपणा त्या आंबण्यानंच सुटतो. भरीव बी तळाशी बसतं, पोकळ वर तरंगतं. वरचं ओतून टाका, चार पाण्यांनी धुवा, ताटलीत पसरून सावलीत वाळवा. कागदावर पसरू नका, बी चिकटतं आणि मग कागद खरवडावा लागतो. वाळल्यावर बियांवर मऊ, राखाडी लव दिसते. बाटलीत भरा, वर चिठ्ठी लावा : जात, साल, कोणत्या झाडाचं. नीट ठेवलं तर तीन-चार वर्षं उगवतं.

तुमच्या पत्रातली एक गोष्ट मला खटकली. शेजारच्या शेतातलं फळ देखणं होतं म्हणून तुम्ही बी घेतलंत, जात विचारलीच नाही. पुढच्या वेळी आधी विचारा. माझ्यावर उलटी वेळ आली होती. एका रोपवाटिकेतून ‘गावरान’ म्हणून रोपं आणली आणि फळं आल्यावर कळलं की ती बाजारातल्या कुठल्यातरी हायब्रीडची आहेत. पूर्ण हंगाम गेला. तेव्हापासून बी माझं, ट्रे माझा.

प्रश्न : टमाटे छान लागतात, पण मोठे होता होता खालच्या टोकाला तपकिरी-काळा, खोलगट डाग पडतो आणि फळ फेकून द्यावं लागतं. लांबट रोमा टमाट्यांना जास्त, गोल टमाट्यांना कमी. दुकानदार म्हणाला चुना टाका. अंड्याची टरफलंही टाकली. फरक नाही. नळाला पाणी आठ दिवसांनी येतं, तेव्हा भरपूर देते.
— एक भगिनी, माजलगाव (जि. बीड)

उत्तर : उत्तर तुमच्या शेवटच्या वाक्यात आहे, ताई. फळाच्या टोकाला कॅल्शियम पोचत नाही म्हणून हा डाग पडतो, इतकं दुकानदाराचं बरोबर. पण आपल्या काळ्या जमिनीत चुनखडी भरपूर असते. माती ओली करून बघा, पांढरे खडे हाताला लागतील. कॅल्शियम कमी नाही, त्याची वाट अडलेली आहे. ते पाण्याबरोबर वर चढतं. पानांतून पाणी भराभर उडतं म्हणून ते पानांकडं ओढलं जातं. फळातून पाणी फारसं उडत नाही, म्हणून फळाला, त्यातही टोकाला, सगळ्यात शेवटी मिळतं. आठ दिवस माती भेगाळू दिली आणि एके दिवशी तुडुंब भरली, तर त्या कोरड्या दिवसांत वाढलेल्या फळांची टोकं उपाशी राहतात. लांबट फळांचं टोक देठापासून दूर, म्हणून रोमाला जास्त. अंड्याची टरफलं कुजायला फार वेळ लागतो, ती या हंगामात काही करणार नाहीत. चुना मात्र टाकूच नका, आपली माती आधीच अल्कधर्मी आहे.

पाणी आठ दिवसांनीच येणार असेल तर माझ्याकडं एक रीत आहे. चार झाडांच्या मधोमध जुना मातीचा माठ गळ्यापर्यंत पुरा. रंग किंवा चकाकी लावलेला नको, पाझरणारा हवा. त्यात सहा-सात लिटर पाणी भरा, वर ताटली झाका, नाहीतर डास होतात. तीन-चार दिवस माठ हळूहळू झिरपत राहतो आणि मुळं माठाला वेढा घालतात. हंगाम संपल्यावर मी माठ उकरून काढला तेव्हा त्याच्या बाहेरून पांढऱ्या मुळांची जाळी अशी घट्ट बसली होती की कोळ्याच्या जाळ्यासारखी सोलून काढावी लागली. माठ भरायला भांडी धुतल्याचं, तांदूळ-डाळ धुतल्याचं पाणी चालेल, साबणाचं नको. फिल्टरमधून वाया जाणारं पाणी मात्र रोज टाकू नका, त्यात क्षार साठलेले असतात. झाडांच्या बुडाशी सोयाबीनचं भुसकट चार बोटं जाड पसरा. आणि फळ धरल्यावर युरियाला हात लावू नका, त्यानं हा डाग वाढतो.

आधीच डाग पडलेली फळं तोडून टाका, ती बरी होत नाहीत. पुढची फळं स्वच्छ येतील. पुढच्या वर्षी रोमाच्या जागी भाग्यश्री लावून बघा. प्युरीला तीच कामाला येईल आणि फळ गोल असल्यानं हा त्रास कमी होईल. माझ्या वाफ्यात भाग्यश्रीची दोनच फळं अशी निघाली.

प्रश्न : गच्चीवर ग्रो बॅगमध्ये फेब्रुवारीत टमाटे लावले. एप्रिलमध्ये फुलं येतात आणि देठासकट गळतात. जी दोन-चार फळं राहिली ती पिकली तरी पिवळी-नारंगी, लाल होतच नाहीत. कोणतं औषध मारू?
— एक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : औषध नको, बेटा. दिवसाचा पारा 35 च्या पुढं गेला आणि रात्रही 24 च्या खाली येईना, की टमाट्याचे पराग निकामी होतात आणि फूल फळ न धरताच गळतं. गच्चीचा सिमेंटचा स्लॅब तर रात्रभर ऊब सोडत राहतो. लाल रंगाचंही तसंच. टमाट्यातलं लाल द्रव्य 30-32 अंशांच्या वर नीट तयार होत नाही, पिवळं मात्र होतं. आहेत ती फळं रंग पालटायला लागली की तोडा आणि घरात गार कोपऱ्यात पिकवा, फ्रीजमध्ये नको, तिथं वास आणि चव जाते. झाडांवर हिरवी शेडनेट टाकलीत तर काही जगतील, पण मे महिन्यासाठी फार खटाटोप करू नका. सप्टेंबरमध्ये नवीन बी टाका. गच्चीसाठी चेरी टमाटे घ्या, उन्हात ते इतरांपेक्षा उशिरापर्यंत फळ धरतात.

प्रश्न : टमाट्याच्या फळात अळी निघते. औषध न फवारता काही करता येईल का?
— एक वाचक, सेनगाव (जि. हिंगोली)

उत्तर : ही तीच अळी, जी तुमच्या हरभऱ्याचे घाटे आणि कापसाची बोंडं पोखरते. टमाट्याच्या कडेनं झेंडू लावा. पतंग झेंडूच्या कळ्यांवर अंडी घालायला जातो. पण झेंडूचं रोप टमाट्याच्या रोपापेक्षा मोठं हवं : टमाटा पंचवीस दिवसांचा आणि झेंडू पंचेचाळीस दिवसांचा, अशी दोन्ही एकाच दिवशी लावली तर दोन्हींना फुलं एकदम येतात. झेंडू मागून लावला तर उपयोग नाही. शेतात टमाट्याच्या सोळा ओळींना झेंडूची एक ओळ सांगतात. परसबागेत चार कोपऱ्यांत चार झाडं पुरतात. सकाळी झेंडूच्या कळ्या बघा, अळी दिसली की हातानं वेचा. त्याउपर आठवड्यातून एकदा निंबोळी अर्क : पन्नास ग्रॅम निंबोळ्या कुटून रात्रभर एक लिटर पाण्यात भिजवा, फडक्यातून गाळा, संध्याकाळी फवारा.

प्रश्न : मागच्या अंकात तुम्ही अर्का रक्षकचं नाव घेतलं होतं. आमच्या तालुक्यात कुठंच मिळालं नाही.
— एक वाचक, परंडा (जि. धाराशिव)

उत्तर : बेंगळुरूच्या संस्थेचं बी त्यांच्या पोर्टलवरून ऑनलाइन मागवता येतं, टपालानं घरी येतं. जुलै-ऑगस्टमध्ये मागणी टाका, सप्टेंबरपर्यंत थांबलात तर संपलेलं असतं. धनश्री आणि भाग्यश्रीसाठी राहुरीच्या विद्यापीठाच्या बियाणे विक्री केंद्रात विचारा, नाहीतर तुमच्या जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करा. पाकीट हातात आलं की आधी वापरण्याची मुदत बघा, आणि दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून आठवडाभर उबेला ठेवा. सात-आठ उगवल्या तरच बाकीचं पाकीट ट्रेमध्ये टाका.